जाऊ नकोस म्हणणारी प्रार्थना

लक्ष्मीपुढे बसून माणूस काय मागतो, याचे उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असते. पैसा. दुकानातले वहीपूजन असो, दिवाळीच्या रात्री नव्या केरसुणीला वाहिलेले हळदकुंकू असो किंवा मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशासमोर वाचलेली पोथी असो, बाहेरून पाहणाऱ्याला त्यात सरळ सौदा दिसतो. इतके पाठ, इतके उपवास, त्याबदली इतकी भरभराट. सुधारकांनी या सौद्याची टिंगल केली आणि भाविकांनी त्याचे समर्थन केले, पण मागणे कसले आहे याबद्दल दोघांचेही एकमत होते. प्रत्यक्षात जे म्हटले जाते ते नीट वाचले की या एकमताला तडा जातो. लक्ष्मीची जुनी सूक्ते, स्तोत्रे आणि व्रतकथा यांत ‘ये’ हा शब्द आहेच, पण सगळी आर्तता ‘जाऊ नकोस’ या विनवणीत आहे. आणि ती जाऊ नये म्हणून मागणाऱ्याने काय करायचे, याच्या अटी त्या पाठांत जागोजागी घातलेल्या आहेत. लक्ष्मीचे नामस्मरण हे मिळवण्यापेक्षा टिकवण्याचे शास्त्र आहे, आणि टिकवण्याचा भार देवीपेक्षा घरावर अधिक आहे, असे या प्रकरणात मांडायचे आहे. कोल्हापूरची महालक्ष्मी यातून मुद्दाम बाजूला ठेवली आहे. हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र घेतलेली, मस्तकावर नाग आणि लिंग धारण करणारी ती आदिशक्ती धनाच्या चौकटीत मावणारी नाही. तिचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा.

सुरुवात श्रीसूक्तापासून करावी लागते, कारण आजही अभिषेकाला, लक्ष्मीपूजनाला आणि महिला मंडळांच्या सामूहिक पठणाला तेच प्रथम येते. श्रीसूक्त ऋग्वेदाच्या मुख्य संहितेत नाही. संहितेच्या शेपटाला जोडलेल्या ‘खिल’ सूक्तांपैकी ते एक असून परंपरेने पाचव्या मंडलाच्या शेवटी त्याची जागा आहे. मूळ ऋचा पंधरा, पुढे फलश्रुती आणि नंतरच्या काळात जोडले गेलेले श्लोक. म्हणूनच दोन घरांतल्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर ऋचांची संख्या जुळत नाही. बहुतेक ऋचा अनुष्टुभात आहेत, मधल्या दोन त्रिष्टुभात, चौथी बृहतीत आणि शेवटची प्रस्तारपंक्तीत. एका लयीत चाललेला पाठ मध्येच पसरट होतो आणि नवख्याची तिथे हमखास गाडी अडते. सूक्ताची पहिली हाक लक्ष्मीला नाहीच. ती अग्नीला आहे. हे अग्ने, सोन्याच्या वर्णाची, न सोडून जाणारी लक्ष्मी माझ्याकडे आणून दे, असा तिचा आशय आहे. ही ‘न सोडून जाणारी’ अशी मागणी सूक्ताच्या सुरुवातीला येते आणि शेवटच्या ऋचेत पुन्हा येते. म्हणजे पाठ जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, त्या दोन्ही जागी तिने थांबण्याची इच्छा उभी आहे.

या दोन टोकांमध्ये काय आहे ते पाहण्यासारखे आहे. सोने, गाई, घोडे, दासी आणि माणसे यांची मागणी आहे, ती कोणी लपवू नये. घोडे पुढे, रथ मध्ये आणि हत्तींचा चीत्कार, अशा थाटात येणारी राजलक्ष्मीही आहे. पण सूक्त जसजसे पुढे सरकते तसतसे ते दरबारातून शेतात उतरते. लक्ष्मी बेलाच्या झाडाशी जोडली जाते. ती गंधातून ओळखू येणारी, सदैव पुष्ट, शेणखताने समृद्ध अशी होते. मग चिखल म्हणजे कर्दम आणि ओलावा म्हणजे चिक्लीत हे तिचे पुत्र म्हणून येतात आणि कवी त्यांना विनवतो की तुमच्या आईला माझ्या घरी राहू दे. आईला थेट म्हणण्याऐवजी लेकरांना मध्ये घालण्याची ही युक्ती गोड आहे, आणि त्यामागचे अर्थशास्त्र पक्के आहे. चिखल, ओल आणि खत जिथे टिकते तिथेच धान्य टिकते. नाण्यांचा इथे पत्ता नाही. ज्याची भीती आहे ती दारिद्र्याच्या आकड्याची नसून भुकेची आहे, कारण सूक्तात जिला घालवायचे आहे ती लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी तहान आणि भूक यांनी मळलेली अशी रंगवली आहे. आणि याच यादीत, पशू आणि अन्न यांच्याबरोबरीने, वाणीचे सत्यही मागितले आहे. धन मागणाऱ्या सूक्तात खरे बोलण्याचे बळ मागावे, हे आजच्या वाचकाला खटकेल. सूक्ताच्या कर्त्याला ते एकाच गाठोड्यातले वाटले. पुढे जोडलेल्या श्लोकांत तर ते अधिक उघड होते. हे सूक्त जपणाऱ्यांच्या ठायी क्रोध, मत्सर, लोभ आणि अशुभ बुद्धी राहत नाही, असे तिथे सांगितले आहे.

दोन बहिणींची ही कल्पना श्रीसूक्तापुरती नाही. अथर्ववेदाच्या सातव्या कांडातल्या एका छोट्या सूक्तात माणसाच्या देहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात, असे म्हटले आहे. त्यांतल्या वाईट घालवायच्या आणि चांगल्या ठेवायच्या. त्या काळी लक्ष्मी ही एकच देवता अजून ठरलेली नव्हती, माणसाला चिकटणारे बरेवाईट लक्षण म्हणून ती वावरत होती. शतपथ ब्राह्मणातली कथा आणखी वेगळी आहे. प्रजापतीपासून निघालेल्या तेजस्वी श्रीला पाहून देवांच्या तोंडाला पाणी सुटते आणि ते तिला मारून लुटायला निघतात. स्त्रीला मारू नये, हवे तर तिच्याजवळचे घ्या, असे प्रजापती सांगतो. मग एकाने अन्न, एकाने राज्य, एकाने बळ असे सगळे काढून घेतले. श्रीने यज्ञ करून एकेकाकडून ते परत मिळवले. श्री म्हणजे जिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि जी हातोहात लुटली जाऊ शकते, ही जाणीव इतकी जुनी आहे. लक्ष्मी चंचल आहे असे म्हणून आपण तिच्यावर दोष ढकलतो. या कथेत मात्र ती स्थिर उभी आहे आणि धावत सुटले आहेत ते देव.

लक्ष्मी का जाते, याची सर्वांत तपशीलवार यादी महाभारताच्या शांतिपर्वात आहे. तिथे एका पहाटे गंगेच्या काठी इंद्र आणि नारद यांना सूर्यासारखी तळपणारी श्री दिसते. तिच्याबरोबर आशा, श्रद्धा, धृती, क्षमा अशा आठ सख्या आहेत. आजवर मी असुरांकडे राहत होते, आता त्यांना सोडून आले, असे ती सांगते आणि कारणे मोजू लागते. मोठी पापे वाचायला मिळतील म्हणून आपण सरसावून बसतो, आणि समोर येते ती घरातली अव्यवस्था. सूर्य उगवला तरी ते झोपून राहू लागले. दूध उघडे राहू लागले. धान्य इतस्ततः सांडून कावळ्या-उंदरांच्या वाट्याला जाऊ लागले. कुदळ, विळा, टोपल्या, भांडी जिथल्या तिथे पडून राहू लागली. पडलेल्या भिंती कोणी उभ्या करीना. जनावरे दावणीला बांधलेली, पण त्यांना वेळेवर चारापाणी मिळेना. लहान मुले बघत असताना मोठी माणसे एकटी खाऊ लागली. शेजारी काय चालले आहे त्याची कोणाला फिकीर राहिली नाही. ही यादी करणाऱ्याने शेतकऱ्याचे घर आतून पाहिले होते, यात शंका नाही. असुरांच्या राज्याला कोणी शत्रूने हरवले म्हणून श्री गेली नाही. असुरांना घर चालवायचा कंटाळा आला म्हणून ती गेली. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हुसकण्याचा विधी धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सांगितला आहे आणि केरसुणीला लक्ष्मी म्हणून पूजण्याची रीत आजही घराघरांत आहे. या दोन्हींचा मूळ तर्क शांतिपर्वाच्या त्या यादीत सापडतो.

महाभारतातच अनुशासनपर्वात श्री गाईंकडे जाते आणि मला तुमच्यात राहू द्या म्हणते. गाई तिला साफ नाकारतात. तू अस्थिर आहेस, अनेकांची आहेस, आम्हाला तुझी गरज नाही. शेवटी फारच विनवल्यावर त्या तिला शेण आणि गोमूत्र यांत जागा देतात, आणि ती आनंदाने ती स्वीकारते. श्रीसूक्तातली शेणखताची लक्ष्मी आणि ही गोष्ट एकाच मातीतून उगवली आहेत. सोन्याच्या वर्णाची देवी शेणात राहायला तयार होते ती टिकून राहता यावे म्हणून.

आता पहिला आणि अगदी रास्त आक्षेप. हे सगळे जुने झाले, लोक जे म्हणतात त्यात सरळ लाभाची आश्वासने आहेत. महालक्ष्मी अष्टकाच्या अखेरीस एकदा पाठ केल्यास महापापे नष्ट होतात, दोनदा केल्यास धनधान्य मिळते, तीनदा केल्यास शत्रूंचा नाश होतो, असा चढत्या क्रमाने हिशेब दिलेला आहे. वैभवलक्ष्मीच्या व्रतात 11 किंवा 21 शुक्रवार मोजून संकल्प सोडतात आणि उद्यापनाला पुस्तिकांच्या प्रती वाटतात. याला सौदा नाही तर काय म्हणायचे? आक्षेपातले तथ्य मान्यच करायला हवे. फलश्रुतीचा सूर जाहिरातीचा असतो, आणि प्रती वाटण्याच्या अटीने छापखान्यांची सोय अशी लावली आहे की एखाद्या विक्रेत्याला हेवा वाटावा. पण फलश्रुती हा पाठाचा शेवटचा तुकडा आहे. पाठाच्या पोटात काय आहे ते तिच्यावरून ठरत नाही. इंद्राच्या तोंडची लक्ष्मीस्तुती ज्या विष्णुपुराणात आली आहे, तिथला प्रसंग पाहा. दुर्वासाने प्रेमाने दिलेली माळ इंद्राने ऐरावताच्या मस्तकावर टाकली, हत्तीने ती जमिनीवर फेकली, आणि दुर्वासाच्या शापाने तिन्ही लोकांतली श्री गेली. श्री गेल्यावर काय झाले? औषधी सुकल्या, यज्ञ थांबले, आणि माणसे क्षुल्लक गोष्टींसाठीही लोभी झाली. लोभाने लक्ष्मी येते असे समजणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे, कारण पुराणाने लोभ हे लक्ष्मी गेल्याचे लक्षण मानले आहे. समुद्रमंथनातून ती परत आल्यावर इंद्र स्तुती करतो आणि वर मागतो तो खजिन्याचा नसतो. तू या त्रैलोक्याला पुन्हा सोडून जाऊ नकोस, हेच त्याचे पहिले मागणे आहे. इंद्रपद त्याच्याकडे होतेच. घमेंडीत केलेल्या एका अनादराने ते पोकळ झाले, हे त्याला कळले होते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी हाच प्रसंग महाराष्ट्राच्या ओसरीवर आणते. सौराष्ट्रात भद्रश्रवा नावाचा राजा, त्याची राणी सुरतचंद्रिका आणि मुलगी शामबाला. लक्ष्मी म्हातारीच्या वेषात राणीच्या दारी येते, आणि ऐश्वर्याने उन्मत्त झालेली राणी तिला घालवून देते. मुलगी मात्र तिला नम्रपणे विचारते, व्रत समजून घेते आणि करते. पुढे मुलीचे मालाधर राजपुत्राशी लग्न होते आणि तिचे भले होते, इकडे आईबापांचे राज्य जाते. जावयाच्या घरून बापाला मोहरांनी भरलेला हंडा मिळतो, पण घरी नेऊन उघडला तर आत कोळसे निघतात. कहाणीतला हा कोळशांचा हंडा मला फार महत्त्वाचा वाटतो. धन पोचते, पण ते स्वीकारायला लायक घर नसेल तर त्याचे धनपण उरत नाही, हे सांगायला यापेक्षा थेट प्रसंग रचता आला नसता. पुढे शामबाला माहेराहून परतताना फक्त मीठ घेऊन येते. नवऱ्याने विचारल्यावर राज्याचे सार आणले म्हणते आणि अळणी स्वयंपाक वाढून आपले म्हणणे पटवून देते. दर आठवड्याला ही कहाणी वाचणारी बाई वाचनाच्या शेवटी सुखसमृद्धी मागते, हे खरे. पण मागण्यापूर्वी तिने उन्मत्त राणीचे काय झाले ते स्वतःच्या तोंडाने वाचलेले असते. दारी आलेल्या अनोळखी म्हातारीला हाकलायचे नाही, हा त्या दिवसाचा खरा पाठ आहे.

हेच गुरुवार ओडिशात ‘माणबसा’ म्हणून पाळले जातात. पंचांगाच्या फरकाने तारखा थोड्या पुढेमागे होतात एवढेच. घर शेणाने सारवतात, तांदळाच्या पिठाने पावले आणि वेलबुट्टी काढतात, नव्या भाताने भरलेले माप पूजतात आणि बलराम दास या सोळाव्या शतकातल्या संतकवीचे ‘लक्ष्मीपुराण’ मोठ्याने वाचतात. त्या कथेत लक्ष्मी गुरुवारी पुरीच्या वस्त्यांतून हिंडते. श्रीमंतांची घरे अजून झोपलेली असतात. श्रिया नावाच्या चांडाळ स्त्रीने मात्र पहाटे उठून घर झाडून, सारवून, पद्म रेखाटून पूजा मांडलेली असते. लक्ष्मी तिच्या घरात जाते. हे पाहून बलभद्र संतापतो आणि धाकट्या भावाला, म्हणजे जगन्नाथाला, बायकोला घराबाहेर काढायला लावतो. ती जाते आणि देवळातले अन्नही तिच्यामागे जाते. दोघे भाऊ बारा वर्षे दारोदार भीक मागतात, आणि शेवटी जिथे पोट भरते ते घर लक्ष्मीचेच निघते. ती परत येते ती अट घालून. तिच्या अन्नापुढे जातीचा भेद चालणार नाही, चांडाळ आणि ब्राह्मण एकमेकांच्या हातून महाप्रसाद खातील. सोळाव्या शतकात, तेही स्त्रियांनी घरोघर वाचायच्या पोथीत, देवांना उपाशी ठेवून घातलेली ही अट आहे. लक्ष्मीच्या पठणाला केवळ लोभाचे साधन म्हणणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला हे पुस्तक पचवता येणार नाही.

याच सुराचा एक धागा फार लांब गेला. महायान बौद्धांच्या सुवर्णप्रभास सूत्रात श्री महादेवीचे एक प्रकरण आहे. तिला बोलावणाऱ्याने घर स्वच्छ करावे, स्नान करून शुद्ध वस्त्रे नेसावी, बुद्धांची नावे घेऊन तिला आवाहन करावे, म्हणजे धान्याच्या राशी वाढतील, असे ते सांगते. हे सूत्र चिनी भाषांतरातून जपानला पोचले आणि तिथे श्री ‘किचिजोतेन’ झाली. नारा येथील याकुशिजी मठात तागाच्या कापडावर रंगवलेले तिचे आठव्या शतकातले चित्र आजही आहे. तिच्या नावाने राज्याच्या आज्ञेवरून वर्षारंभी जे पठण होऊ लागले, ते अपराधांच्या कबुलीचे पठण होते. चांगले पीक आणि राज्यात शांतता हवी, म्हणून आधी चुका कबूल करायच्या. मूळ भूमीपासून हजारो मैलांवर, भाषा आणि धर्म बदलूनही मागण्याआधी स्वतःची झाडाझडती घेण्याची अट तशीच राहिली.

या सगळ्या परंपरेतली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे धनासाठी सर्वाधिक गायली जाणारी पदे परंपरेने कोणाच्या नावावर घातली. कनकधारा स्तोत्र शंकराचार्यांच्या नावावर आहे. ते त्यांचेच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कथा सर्वांना ठाऊक आहे. भिक्षेला आलेल्या बालबटूला देण्यासाठी घरात फक्त एक आवळा उरलेली गरीब बाई तोच देऊन टाकते. तो लक्ष्मीची स्तुती करतो, आणि या बाईच्या पूर्वपुण्याईत दान नाही म्हणून मी काही देऊ शकत नाही, असे लक्ष्मी म्हणते. तेव्हा बटू आजच्या आवळ्याकडे बोट दाखवतो. मग सोन्याचे आवळे पडतात. त्या स्तोत्राची कथा पाठाच्या संख्येवर उभी नाही, ती शेवटचा आवळा देण्यावर उभी आहे. वेदान्तदेशिकांच्या श्रीस्तुतीची कथा जवळपास हीच आहे. लग्नासाठी धन मागायला आलेल्या गरीब ब्रह्मचाऱ्यासाठी ते पंचवीस श्लोक म्हणतात, सोने बरसते, आणि स्वतः देशिक त्याला हात लावत नाहीत. विजयनगरच्या दरबारात येण्याचे आमंत्रण त्यांनी ‘वैराग्यपंचक’ लिहून परत पाठवले, असे त्यांचे अनुयायी सांगतात. आणि तिसरे पद पुरंदरदासांचे, भीमसेन जोशींच्या आवाजामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’. शुक्रवारच्या पूजेला पैंजणांच्या आवाजात ये, म्हणून लक्ष्मीला बोलावणारे हे पद ज्याचे, तो परंपरेप्रमाणे एकेकाळचा कोट्यधीश सावकार. सगळी मालमत्ता वाटून टाकून तो गात फिरू लागला. या चरित्रकथा ऐतिहासिक आहेत की नाहीत, हा प्रश्न इथे गौण आहे. लोकांनी त्या सांभाळल्या, कारण लक्ष्मीला बोलावण्याचा अधिकार तिच्यावाचून राहू शकणाऱ्यालाच द्यावा असे त्यांना वाटले.

दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा धारदार आहे. सदाचारी घरात लक्ष्मी राहते, असे म्हणणे म्हणजे श्रीमंताला सदाचाराचे प्रशस्तिपत्र आणि गरिबाला दोष. हा आक्षेप कल्पनेतला नाही, त्याला शिलालेखाचा पुरावा आहे. जुनागढच्या खडकावर, इ.स. 455-56 च्या सुमारास फुटलेले सुदर्शन तलावाचे धरण दुरुस्त केल्याची हकीकत कोरलेली आहे. त्यात सम्राट स्कंदगुप्ताबद्दल म्हटले आहे की गुणदोष पारखून, बाकीच्या राजपुत्रांना नाकारून लक्ष्मीने स्वतः होऊन त्याला वरले. राज्य ज्याच्या हाती आले तोच गुणवान, असा निर्वाळा देवीच्या तोंडून देण्याची ही दरबारी पद्धत आहे. गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर लक्ष्मी आहेच, पण पुढे उत्तर भारत जिंकणाऱ्या महंमद घोरीच्या नावाच्या सोन्याच्या नाण्यांवरही बसलेली लक्ष्मी आहे, आणि नाव नागरीत आहे. सत्ता ज्याची, लक्ष्मी त्याच्या नाण्यावर. तेव्हा राजदरबारांनी या देवतेचा उपयोग स्वतःच्या समर्थनासाठी केला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र पठणाच्या परंपरेने या दरबारी वापराला उत्तरही देऊन ठेवले आहे, आणि ते लक्ष्मीच्या जाण्यातच आहे. शांतिपर्वात राज्य गेलेल्या बळीला इंद्र हिणवतो, तेव्हा बळी शांतपणे सांगतो की ती काल माझ्याकडे होती, आज तुझ्याकडे आहे, उद्या तुझ्याकडेही नसेल. गाढवाच्या रूपात ओसाड घरात राहणारा पराभूत राजा विजेत्याला हे ऐकवतो. जी लक्ष्मी कोणाकडेही कायम राहत नाही, ती कोणाच्याच पुण्याचा कायमचा दाखला होऊ शकत नाही. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनानंतर लगेच बलिप्रतिपदा येते, आणि त्या दिवशी औक्षण करताना बळीचे राज्य यावे अशी इच्छा उच्चारली जाते. ज्याला सोडून लक्ष्मी गेली त्याची आठवण दुसऱ्याच सकाळी काढणारा समाज, धन आणि योग्यता यांचे समीकरण फार गांभीर्याने घेत नाही. लक्ष्मीपुराणातली श्रिया तर हे समीकरण उलटेच करून टाकते. तिथे श्रीमंतांची घरे झोपलेली आहेत आणि जागी आहे ती वस्तीबाहेरची बाई. एवढे मान्य करूनही आक्षेपाचा काही भाग उरतोच. पहाटे उठूनही, घर लखलखीत ठेवूनही ज्यांच्याकडे काहीच येत नाही अशी घरे असंख्य आहेत. त्यांना या कथा दिलासा देतात की अपराधी ठरवतात, हे वाचणाऱ्यावर आणि वाचून दाखवणाऱ्यावर अवलंबून राहते. शेतमालाचा भाव पडला म्हणून कर्जात गेलेल्या घराला शांतिपर्वातली असुरांची यादी वाचून दाखवणे क्रूरपणाचे होईल. ती यादी ज्यांच्याकडे धन आहे त्यांच्यासाठी लिहिलेली आहे.

उरला सगळ्यांत साधा प्रश्न. पाठ केल्याने पैसा येतो का? मंत्रोच्चाराने बँकेतली शिल्लक वाढते असा कोणताही पुरावा नाही, आणि वर पाहिलेल्या ग्रंथांची वाटही त्या बाजूने जात नाही. पठणाने जे होते ते लहान आणि नियमित आहे. श्रीसूक्ताची पंधरा आवर्तने असोत की गुरुवारची एकच कहाणी, त्यासाठी घर झाडावे लागते, एका जागी बसावे लागते, तोंडाने सत्य आणि लोभ हे शब्द उच्चारावे लागतात आणि शेवटी शेजारणीला बोलावून हळदकुंकू, फळ आणि प्रसाद द्यावा लागतो. शांतिपर्वातल्या यादीतल्या निम्म्या चुका या एका संध्याकाळी तरी घडत नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. वेदमंत्रांचा अधिकार स्त्रियांना नाकारला गेला, म्हणून शतकानुशतके श्रीसूक्त पुरोहिताच्या तोंडी आणि कहाणी बायकांच्या तोंडी, अशी वाटणी झाली. वाटणीत बायकांच्या वाट्याला आलेला भाग, योगायोगाने म्हणा किंवा अपरिहार्यपणे म्हणा, अधिक रोखठोक निघाला. सूक्तात सूचित असलेली अट कहाणीत माणसांच्या वागण्यात उतरते. पुढे पुण्यात शंकरराव थत्ते आणि ज्ञानप्रबोधिनी यांच्या प्रयत्नांतून स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण मिळू लागले, आणि आज महाराष्ट्रात उदात्त-अनुदात्त सांभाळून श्रीसूक्त म्हणणाऱ्या स्त्रिया शेकड्यांनी आहेत. ती जुनी वाटणी मोडली हे चांगलेच झाले. धोका दिसतो तो वेगळ्या बाजूला. अभिषेकाला मोबाइलवर श्रीसूक्त लावून ठेवायचे, गुरुवारची कहाणी यूट्यूबवर चालू करून स्वयंपाकघरात जायचे, ही सोय आता सर्रास आहे. आवाज शुद्ध असतो, स्वर अचूक असतात, आणि उन्मत्त राणीची गोष्ट कोणाच्याच तोंडून उच्चारली जात नाही. पाठाने धन मिळवायचे असेल तर ध्वनिमुद्रण पुरेसे आहे. घराने स्वतःला तपासायचे असेल तर ते घरातल्या कोणीतरी म्हटले पाहिजे, अडखळत का होईना.